मूठभर धान्य आणि गावची शाळा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी संघाचा अहवाल येतो, देणगीदारांची नामावली येते आणि इतिहासास वाहिलेली दोन-चार पानेही असतात. त्या पानांत बहुधा कुळांचा, गोत्रांचा आणि पूर्वजांच्या पराक्रमाचा विचार झालेला असतो. तो व्हावा, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेक घराण्यांत पहिले पुस्तक कसे आले, खेड्यातील पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, आणि तिसरी-चौथी झालेला मुलगा पुढे शिकावयास गेला तेव्हा त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय कोणी केली, हाही इतिहासच होय. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक भाग, मुख्यतः सातारा जिल्ह्यातला, सांगण्याचे आम्ही योजिले आहे. सातारा निवडण्याचे कारण उघड आहे. गावाने शाळा आपली मानणे, विद्यार्थ्याचा योगक्षेम चालविणे आणि शाळेस जागा व इमारत मिळवून देणे, ही तिन्ही कामे ज्या एका जिल्ह्यात एकमेकांत गुंतलेली स्पष्ट दिसतात, असा दुसरा जिल्हा चटकन आठवत नाही.

प्रारंभ मात्र पुण्यापासून करावा लागतो. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन सादर केले, ते आजही मुळातून वाचण्याजोगे आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाचा. त्याच्या शेतसाऱ्यावर शिक्षणासाठी म्हणून लोकल फंडाची पट्टीही बसविलेली. आणि असे असूनही मुंबई इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत शिक्षणाची काहीच तरतूद नाही, अशी त्यांची फिर्याद होती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, मास्तर शक्यतो शेतकरीवर्गातून निवडावेत, त्यांस बारा रुपयांहून कमी पगार नसावा, आणि मुलांस शाळेची ओढ लागावी म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, अशा त्यांच्या सूचना होत्या. मोडी व बाळबोध वाचन, हिशेब, थोडी शेतीची माहिती आणि आरोग्य हे विषय त्यांनी सुचविले. हा सारा विचार खेड्याच्या गरजेतून केलेला आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल. त्यातील मुद्दा एवढाच की शेतकऱ्याने शाळेचे मोल आधीच भरलेले आहे. त्यास शाळा मिळते ती दान म्हणून नव्हे. हा मुद्दा पुढे आम्हांस पुन्हा लागणार आहे.

हे निवेदन सरकारदप्तरी राहिले. बडोद्याच्या सयाजीरावांनी इ. स. १९०६ मध्ये आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखल्यांनी इ. स. १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. करवीर दरबाराने इ. स. १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी एक रुपया ही शेतमजुराला झोंबणारी रक्कम होती. राजर्षी शाहू छत्रपतींना आपल्या रयतेविषयी कळवळा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरीही दंड ठेवावासा वाटला, ह्यावरून गुरे राखणारे पोर शाळेत बसविणे घरास किती जड जात होते ह्याची कल्पना यावी.

शाहू महाराजांचे दुसरे कार्य वसतिगृहांचे. हा विषय ज्ञातिसंस्थांच्या जिव्हाळ्याचा असल्याने येथे थोडे थांबणे योग्य होईल. कोल्हापुरात इ. स. १८९६ मध्ये राजाराम वसतिगृह निघाले ते सर्वांसाठी म्हणून. व्यवहारात तेथे एकाच वर्गाची मुले राहू लागली व खेड्यातून आलेला बहुजनसमाजाचा मुलगा दारातून परत फिरू लागला. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. इ. स. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, नंतर मुसलमान समाजाचे, लिंगायत समाजाचे, इ. स. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशीच इतर जातींची. नाशिक जिल्ह्यातही इ. स. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ होईल असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्यावर आमचे मत असे की आक्षेप तत्त्वतः खरा असला तरी त्या घडीस त्याचे व्यावहारिक उत्तर दुसरे नव्हते. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून सर्वांस आत जाता येत नसेल, तर ज्यांस जाता येत नाही त्यांच्यासाठी निराळे दार पाडावेच लागते. मात्र ते दार कायमचे समजावयाचे की काही काळापुरते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्याच बोर्डिंगांपैकी एकात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने दिले.

हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज येथे. मूळ घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात ते शिकावयास राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेल्याबद्दल स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांस ते वसतिगृह सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या सर्व चरित्रांत आली आहे. पुढे शिकवण्या, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री, साताऱ्यास कूपर ह्यांच्या कारखान्याचे काम, अशा व्यवसायांत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणारा मनुष्य शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याची पोरे पाहतो, ती शाळेत का जात नाहीत हे विचारतो. आमच्या मते त्यांचे खरे शिक्षण ते हेच.

दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. इ. स. १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह निघाले. ह्या वसतिगृहात जातीची अट नव्हती. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंगतीस बसत, स्वयंपाकाची पाळी आळीपाळीने घेत, पाणी भरत, शेतात राबत. इ. स. १९२४ मधील सातारा शहरात ही गोष्ट साधी नव्हती. दिनांक २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते ह्या संस्थेस ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव मिळाले. जातवार बोर्डिंगे काढणाऱ्या राजाचे नाव मिश्र बोर्डिंगास दिले गेले, ह्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्या महाराजांनी निरनिराळी दारे पाडली, त्यांनीच इ. स. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याची आज्ञा केली होती.

वसतिगृहाचा खर्च कसा चाले, ही हकीकत आपल्या भगिनींनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. श्रीमंत देणगीदार मोजके होते. मुख्य आधार होता तो धान्याचा. जात्यावर दळण घालण्यापूर्वी घरच्या स्त्रीने मूठभर धान्य निराळ्या मडक्यात टाकावे आणि ते साठले की बोर्डिंगास द्यावे, अशी ही रीत. तिला मुष्टिफंड म्हणत. सुगीच्या दिवसांत संस्थेची माणसे खळ्यावर जात. पैशाची देणगी यजमान देतो व त्याचे नाव पावतीवर येते. मूठभर जोंधळे मात्र घरधनीण देते आणि तिचे नाव कोठेच येत नाही. त्या नावांची यादी कोणत्याही अहवालात सापडणार नाही. परंतु बोर्डिंगातील भाकरी त्या यादीवर भाजली जात होती. कधी तेही पुरेनासे झाले. अशा एका प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई ह्यांनी दागिन्यांपाठोपाठ गळ्यातील मंगळसूत्रही गहाण टाकावयास दिले व मुलांच्या जेवणाची वेळ निभावली. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली ही बाई सर्व जातींच्या मुलांची आई झाली. इ. स. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता खेड्यातील शाळांकडे वळू. इ. स. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे आला होता. पण बोर्डाजवळ पैसा तुटपुंजा, आणि शाळा निघे ती मोठ्या गावी. जावळी, पाटण ह्या डोंगरी भागातील वाड्या, ओढ्यापलीकडील वस्त्या, ह्यांच्या वाट्यास काही येत नसे. इ. स. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले व खाजगी संस्थांनी काढलेल्या व्हॉलंटरी शाळांस अनुदान देण्याचे धोरण ठरले. भाऊरावांस हेच हवे होते. मास्तरांची तयारी त्यांनी आधीच केली होती, इ. स. १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले होते आणि खेड्यातली मुलेच तेथे मास्तर होत होती. इ. स. १९३८ मध्ये साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वर येथे संस्थेची पहिली व्हॉलंटरी शाळा उघडली. पुढील दहा-अकरा वर्षांत ही संख्या ५७८ वर गेली.

५७८ हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. त्यांतील एकेका शाळेमागे काय होते ते पाहावे. शाळेस इमारत नव्हतीच. मारुतीच्या देवळात, चावडीत, धर्मशाळेत, कोणाच्या पडवीत किंवा गोठ्याचा एक खण रिकामा करून शाळा भरे. शेणाने सारवलेली जमीन, एक फळा, मुलांच्या पाट्या आणि मास्तर. मास्तराचा पगार थोडा व तोही वेळेवर येईलच असे नाही; तेव्हा त्याच्या राहण्याजेवण्याची काळजी गाव घेई. पावसाळ्यात देऊळ गळू लागले की वर्ग दुसऱ्या कोपऱ्यात सरके. देवळात शाळा म्हटले की आणखी एक पेच उभा राही. अस्पृश्य मानलेल्या मुलांनी बसावे कोठे? पायरीवर? शाळेच्या जागेचा प्रश्न केवळ छपराचा नव्हता. सर्वांच्या मालकीची, कोणासही आत येण्याची मनाई करता न येणारी जागा गावात असणे, हे त्या काळी स्वतःच एक मोठे काम होते. पुढे अनेक गावांनी गायरानाचा तुकडा दिला, कोणी बांधालगतची गुंठाभर जमीन सोडली, दगड-माती लोकांनी वाहिली, सुताराने दारे करून दिली. शाळागृह म्हणून जी कौलारू खोली उभी राहिली ती कोणा एका आळीची नव्हती. आमच्या समजुतीप्रमाणे तिचे महत्त्व तिच्या भिंतींइतकेच ह्या गोष्टीत होते.

प्राथमिक शाळेपुढचा प्रश्न आणखी बिकट. चौथीनंतर काय? इ. स. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुलांनी श्रम करावेत व त्या श्रमांतून शिकावे अशी योजना होती. तिलाच पुढे ‘कमवा व शिका’ हे नाव रूढ झाले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य संस्थेच्या वटवृक्षाच्या चिन्हाखाली आहे, त्याचा अर्थ ह्या मुलांच्या हातांवरील घट्ट्यांवरून कळावा. इ. स. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाडास सद्गुरु गाडगे महाराज कॉलेज निघाले. मध्यंतरी इ. स. १९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान थांबविले गेले. त्या संकटात भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले आणि गाडगे महाराजांनी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकल्यावर अनुदान सुरू झाले. दिनांक ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले; त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण किताब मिळाला होता.

तोवर त्या व्हॉलंटरी शाळा स्वातंत्र्यानंतर स्कूल बोर्डाकडे सुपूर्त झाल्या होत्या. दिनांक १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. हे योग्यच झाले. जोतीरावांची मागणी हीच होती की हा खर्च सरकारने सोसावा. मास्तराचा पगार नियमित झाला, खडू-फळ्याची ददात मिटली. परंतु ह्याच फेरफारात एक गोष्ट हातची निसटली, तिचा उल्लेख अहवालांत सहसा नसतो. शाळा ‘आमची’ होती ती ‘झेडपीची’ झाली. कौल फुटले तर पूर्वी गावातला कोणीतरी शिडी लावी. आता पंचायत समितीस अर्ज जाऊ लागला. अर्ज करणे गैर नव्हे. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत पावसाळा संपतो.

येथे एका मतभेदाचा उल्लेख करणे अवश्य आहे. ‘लोकवर्गणी’चे गोडवे गाणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस आमचे सांगणे की जोतीरावांचे निवेदन एकदा वाचावे. ज्याने कर भरला आहे त्याच्याकडेच पुन्हा शाळेच्या पत्र्यासाठी हात पसरणे, आणि तेही गावातील मजुराकडे व बागाईतदाराकडे सारख्याच हिशेबाने, हा न्याय नव्हे. भाऊरावांनी लोकांकडून घेतले, पण सरकारचे अनुदान सोडले नाही. उलट लोकांनी केलेल्या कामाच्या बळावर ते हक्काने मागितले. मूठभर धान्य देणारी बाई सरकारची जबाबदारी आपल्या शिरावर घेत नव्हती. ती शाळेत जाण्याचा आणि तेथे काय चालले आहे हे विचारण्याचा आपला अधिकार राखीत होती.

हा अधिकार आज कायद्याने दिला आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा इ. स. २००९ चा कायदा दिनांक १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याप्रमाणे अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात. प्रत्येक शिक्षकास एक खोली, पिण्याचे पाणी, मुलामुलींची निराळी स्वच्छतागृहे, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण असावे, हेही त्यात आहे. काय असावयास हवे ते कागदावर एवढे स्पष्ट पूर्वी कधीच नव्हते. परंतु समितीची सभा नोंदवहीतच भरत असेल आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जात असतील, तर मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी नाही ही गोष्ट सभेपुढे येणार कशी?

दुसरी चिंता त्याहून मोठी आहे. खेड्यांतील ज्यांस परवडते ते आपली मुले गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतात. कामासाठी शहरांकडे गेलेली कुटुंबे वेगळीच. इ. स. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले आणि अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात असा विचार शासनाने पुढे आणला. त्याचा एक पक्ष असा की आठ मुलांच्या शाळेत ना खेळास जोडीदार, ना शिक्षणास चुरस. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, वाचनालय, निरनिराळ्या विषयांचे शिक्षक देता येतील. ह्यात तथ्य आहे. दुसरा पक्ष असा की डोंगरातील वाडीवरच्या सहा वर्षांच्या पोराने चार कोस जावे कसे? गाडी पावसात आली नाही तर? ज्या घरी मुलीस धाकट्या भावंडास सांभाळावयास ठेवण्याचा मोह आधीच असतो, तेथे शाळा लांब गेली हे कारण पुरेसे होते. यवतेश्वरास शाळा निघाली ती पोर साताऱ्यास उतरत नव्हते म्हणून. आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, निदान चौथीपर्यंत तरी.

आता आपल्या संघासारख्या संस्थांविषयी दोन शब्द, आणि ते थोडे कडू लागल्यास ज्ञातिबंधूंनी क्षमा करावी. आपल्याकडे विद्यार्थी-साहाय्य म्हणजे बहुधा गुणगौरव समारंभ. नव्वद टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्यास शाल, श्रीफळ व पाकीट. छायाचित्र अंकाच्या अखेरच्या पानांत. त्या मुलांचे कौतुक व्हावेच. पण त्यांस आपल्या पाकिटाची गरज सर्वांत कमी असते. ज्या मुलाने आठवीत शाळा सोडली त्याचे नाव आपल्या कोणत्याही यादीत येत नाही, कारण सत्कारासाठी अर्ज करावयास तो आलेलाच नसतो. एस. टी. च्या पासाचे पैसे, शेजारच्या गावी राहण्यास एक खोली, दहावीच्या वर्षी संध्याकाळी दिव्याखाली बसवून गणित समजावून सांगणारा कोणी, एवढ्याने जो टिकला असता तो गळतो. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा प्रवास मोफत आहे; तरी गाडी अंधार पडल्यावर पोचत असेल तर सवलतीचा पास घरातच राहतो.

आणि वसतिगृहांचे काय? ज्ञातिसंस्थांच्या कितीतरी वसतिगृहांच्या इमारती पेठांतील मोक्याच्या जागी उभ्या आहेत. काहींचे तळमजले भाड्याने गेले आहेत, काहींत लग्नकार्ये होतात. उत्पन्न होते, ते हिशेबात दिसतेही. पण जून महिन्यात खेड्यातून आलेल्या मुलास खोली मागितली असता कोणता प्रश्न प्रथम विचारला जातो, हे पाहण्यासारखे आहे. तो आपल्यापैकी आहे काय, हा प्रश्न इ. स. १९०१ मध्ये आवश्यक होता. साताऱ्याच्या बोर्डिंगाने इ. स. १९२४ मध्येच तो विचारणे सोडून दिले, आणि त्यामुळे कोणत्याही ज्ञातीचे मूल उपाशी राहिले नाही. निदान काही खोल्या, जात न विचारता, ज्याचे गाव सर्वांत दूर व ज्याचे घर सर्वांत गरीब त्यास देण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे कोणी मांडल्यास त्यास आमचे अनुमोदन आहे. नियमावलीतील सभासदत्वाचे कलम आड येईल असे कोणी म्हणेल. ते कलम वसतिगृहप्रवेशास लागू करण्याची सक्ती कोठेच नसते; ती आपण लावून घेतलेली रूढी आहे.

ज्यांचे मूळ गाव अद्याप सुटलेले नाही, दिवाळीस वा जत्रेस जे तेथे जातात, त्यांनी एक सकाळ शाळेसाठी राखावी. सुट्टीत शाळा बंद असेल. तरी मुख्याध्यापकांस आधी कळवून जाता येते. पट किती, सातवीनंतर मुली कोठे जातात, पाणी कोठून येते, मागील सभेस किती पालक हजर होते, एवढे चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे संघाच्या कार्यालयाकडे लिहून धाडावीत. पुढील वर्षीच्या अंकात देणगीदारांच्या यादीशेजारी ह्या गावांची यादी छापण्यास दोन पाने सहज निघतील.